ब्लू टिक आली, पण रिप्लाय नाही!

मेसेज वाचला, उत्तर नाही. आपण म्हणतो, ‘बिझी असेल.’ संभाजीनगरहून रोज वाळूजला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं मन मात्र थेट निकाल देतं, ‘त्यानं मला सोडलं!’ बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये हेच होतं. समोरचा एकतर देव, नाहीतर दगड. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी यावर डीबीटी थेरपी घडवली. १९९३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. २०११ मध्ये त्यांनी स्वतःचा तरुणपणीचा मानसिक आजारही जाहीर केला. या थेरपीतला आठवड्याचा ग्रुप म्हणजे क्लासच! घडलं काय आणि मी अर्थ काय लावला, हे वेगळं करायचं. दुसऱ्याच्या तोंडून तोच घोळ ऐकला की आपलाही दिसतो. मग क्षणभर थांबता येतं. त्या थांबण्यानं नातं वाचतं, कधी जीवही. मदत हवीय? टेली-मानस : १४४१६.