आठ तासांचा विषाणू

सकाळी 9.00. मायक्रोस्कोपखाली हीला पेशी ठीक दिसतायत, तळाला पसरून बसलेल्या. यांना आज कॉक्सॅकी बी3 द्यायचा. हृदयाच्या स्नायूला सूज आणणारा, पोलिओच्या भावकीतला विषाणू. डेंग्यूवाल्यांना दोन-दोन दिवस ताटकळावं लागतं; याचा कारभार ऑफिसच्या वेळेत आटोपतो.

10.00. तासभर ठेवलेला विषाणू धुऊन टाकला, नवं मीडियम घातलं. वहीत लिहिलं : शून्य तास.

12.00. पहिला नमुना बर्फावर. पेशींकडे बघून काही कळत नाही.

2.00. दुसरा नमुना. जेवण उभ्या उभ्याच.

4.00. तिसरा नमुना काढून उरलेल्यांपैकी निम्म्या प्लेट्समध्ये बॅफिलोमायसिन. दिवसातलं खरं काम हेच. पेशी आपला टाकाऊ माल दुहेरी पडद्याच्या पिशव्यांत भरून लायसोसोममध्ये विरघळवते, ही ऑटोफॅजी. (यीस्टमध्ये तिची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं.) विषाणूही याच वाटेनं संपायला हवा. पण कॉक्सॅकी पिशव्या वाढवतो, आणि त्याचं 3सी प्रोटिएज स्नॅप29 हे प्रथिन कापतं. त्याशिवाय पिशवी लायसोसोमशी जुळत नाही. घंटागाड्या भरतायत, डेपोचं फाटक बंद! वर काही विषाणू अशाच पडद्यांत गठ्ठ्यानं बसून, पेशी न फोडता बाहेर पडतात.

प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या ब्लॉटवर पिशव्यांच्या पडद्याला चिकटलेल्या एलसी3-दोन या प्रथिनाची पट्टी गडद झाली, तर पिशव्या जास्त बनल्या की विल्हेवाट तुंबली? नुसत्या पट्टीवरून सांगता येत नाही. बॅफिलोमायसिन विल्हेवाट थांबवतं. त्यानं पट्टी आणखी गडद झाली तर वाट वाहती होती. फरकच पडला नाही तर विषाणूनं ती आधीच अडवली होती. हा कंट्रोल नसलेला पेपर मी पुढे वाचत नाही.

6.00. शेवटचा नमुना. बऱ्याच पेशी गोल होऊन सुटल्यात. प्लेट्स हायपोक्लोराइटमध्ये.

7.00. मागच्या खेपेच्या नमुन्यांचा ब्लॉट मॅडमना दाखवला.

"पी62 उतरलंय. म्हणजे ऑटोफॅजी जोरात?"

एरवी हो, माल पिशवीत आणणारं पी62 हे प्रथिन मालाबरोबर स्वतःही विरघळतं.

"नाही मॅडम, खाली बघा. तुकडा आहे. बॅफिलोमायसिन घालूनही पूर्ण पट्टी परत आलेली नाही. विषाणूचं 2ए प्रोटिएज कापतंय."

त्यांनी संसर्ग नसलेला रकाना दोनदा पाहिला. "मग न कापला जाणारा पी62 घालून बघ. सोमवारी प्लेट्स लाव."