घरची मैफल, घरचीच माणसे

सायंकाळी पाच ते आठ या वेळेत कोणत्याही शहरातील मध्यमवर्गीय वसाहतीतून फेरफटका मारला, तर कलेची मोठी लगबग दृष्टीस पडते. पाठीवर गिटार अडकवलेली मुले, नृत्याच्या वर्गाला निघालेल्या मुली आणि त्यांना दुचाकीवरून सोडायला आलेले आईवडील. आपल्या मुलाला एखादी तरी कला यावी, याविषयी आज मराठी घरांत दुमत राहिलेले नाही. परंतु ही कला वर्गात शिकली जाते, परीक्षेत तपासली जाते आणि स्नेहसंमेलनात दाखवली जाते. घरात मात्र ती क्वचितच घडते. मोठ्यांच्या वाट्याला त्यात दोनच कामे उरली आहेत. एक ने-आण करण्याचे आणि दुसरे टाळ्या वाजवण्याचे.

ही स्थिती ज्या प्रयत्नांतून आली, त्यांचा मूळ हेतू नेमका उलट होता. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा दरबार आणि घराणी यांच्या चौकटीत राहिलेले संगीत सामान्य गृहस्थाच्या घरात नेणे हे त्यांचे ध्येय होते. त्यासाठी त्यांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली, अभ्यासक्रम आखला. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावी दिल्या जातात. चित्रकलेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचेही तसेच, आणि तेथे तर दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेबही असतो. परीक्षांना दोष देण्याचे कारण नाही. त्या नसत्या तर अनेक मुलांनी रियाझ केलाच नसता. पण परीक्षेसाठी बसवलेला राग एकट्याने, परीक्षकासमोर गाण्याचा असतो. चार माणसांनी मिळून करण्याजोगे त्यात फारसे काही नसते. परिणामी दहावीचे वर्ष आले की वर्ग सुटतो आणि पेटी कपाटावर जाते.

घरात पूर्वी कला कशी नांदत होती, हे पाहिले तर निराळे चित्र दिसते. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका दळताना ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हां यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करवून घेतल्या. या गाणाऱ्यांपैकी कोणी गाणे शिकायला गेलेले नव्हते आणि त्यांच्यासमोर श्रोतेही बसलेले नव्हते. दळण रोजचे होते, म्हणून ओवी रोजची होती. पुढे पिठाची गिरणी आली. कष्ट गेले, हे चांगलेच झाले. पण कष्टाबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. हौस कमी झाली म्हणून ओवी थांबली नाही, निमित्त संपले म्हणून थांबली. घरातली कला टिकवू पाहणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट रचनेची. घरगुती कलाप्रकार अशिक्षित गळ्याला आणि अनभ्यस्त हाताला सांभाळून घेतील असेच घडलेले असतात. ओवी, आरती किंवा भोंडल्याचे गाणे बहुधा चार-सहा स्वरांच्या आतच फिरते. याचे महत्त्व एकत्र गाऊ लागल्यावर कळते. पुरुषांची पट्टी साधारणपणे काळी एक-दोनच्या आसपास, तर स्त्रियांची काळी चार-पाचच्या आसपास असते. मुलांचे आवाज त्याहून वेगळे. दीड सप्तकभर फिरणारे भावगीत किंवा चित्रपटगीत अशा कुटुंबाने एका सुरात म्हणायचे ठरवले, तर वडिलांचा आवाज फाटतो किंवा आईचा बुडतो. लगेच ‘आमच्या घरात कोणाला गळा नाही’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक गळ्याचा दोष नसतो, निवड चुकलेली असते. काळी तीनच्या आसपास सूर धरून, थोड्या स्वरांत फिरणारे गाणे घेतले, तर पुरुष खालच्या आणि बायका-मुले वरच्या सप्तकात सहज सामावतात. गणपतीच्या आरतीत सगळे घर गाते, त्यामागे भक्तीइतकाच या सोयीचाही वाटा असावा.

ठिपक्यांच्या रांगोळीतही हीच युक्ती आहे. प्रमाण सांभाळण्याचे काम ठिपके करतात. हाताने फक्त ते जोडायचे. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरता आला की झाले, आणि शेवटी खिरापत ओळखण्यात सर्वांत लहान मुलालाही बरोबरीचा मान मिळतो.

अलीकडे मात्र या प्रकारांतूनही घरची माणसे बाजूला होऊ लागली आहेत. मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारे सरावलेले गट आता बोलावता येतात. एकसारख्या साड्या, नथी, बसवलेल्या फुगड्या आणि झिम्मा; कार्यक्रम देखणा होतो, यात शंका नाही. या गटांमुळे विस्मरणात गेलेले अनेक खेळ पुन्हा दिसू लागले, हेही खरे. पण ज्या घरची मंगळागौर असते, तेथील नवी सून आणि तिच्या नणंदा खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करीत असतात. दिवाळीच्या किल्ल्यांचीही तीच कथा. माती कालवून, दगड रचून, वर मोहरी किंवा अळीव पेरून उगवायची वाट पाहण्यात जे चार दिवस जात, ते बाजारात मिळणाऱ्या तयार किल्ल्याने वाचवले. त्या चार दिवसांतच वडील आणि मुले एका चिखलात बसत.

नाटकाच्या बाबतीत परिस्थिती थोडी आशादायक म्हणता येईल. गोव्यात देवस्थानांच्या उत्सवांत गावकऱ्यांनीच रात्री नाटक उभे करण्याची परंपरा आजही जिवंत आहे. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेला सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. अर्थात प्रत्येक कुटुंबाला तालमी आणि नेपथ्याचा खटाटोप झेपणार नाही. त्यांच्यासाठी नाट्यवाचन हा सोपा मार्ग आहे. पाठांतर नको, रंगमंच नको. पुस्तक हाती घेऊन भूमिका वाटून घ्यायच्या आणि वाचायचे. दिवाणखान्यात असे वाचन करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने तर हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोगही हक्कभंगातून वगळला आहे.

अडचण बहुतेक वेळा मोठ्यांच्या संकोचाची असते. पस्तिशीनंतर पेटीवर ‘सा रे ग म’ वाजवत बसणे लोकांना हास्यास्पद वाटते, आणि मुलांसमोर चुकणे तर त्याहून अवघड. परंतु घरात मुलाने आईची चूक दुरुस्त करावी, असे प्रसंग एरवी किती येतात? वर्गात तीन वर्षे काढलेल्या मुलीला वडिलांचा ताल चुकल्याचे सांगता आले, तर तिचे शिक्षण पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडलेले असते. येथे मुलीच्या गुरूची भूमिका पालकांनी घेऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळायला हवे. शेजारी बसून तिची पट्टी, तिची बोटे सुधारत राहिले, तर घर हा वर्गाचाच दुसरा तास होतो.

रोजचा रियाझ सर्वांना जमणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आठवड्यातील एक वार, जेवणानंतरचा अर्धा तास, एवढे निमित्त ठरलेले असावे. आणि दळणाप्रमाणे तो वार कोणाच्या लहरीवर अवलंबून नसावा. पेटी कपाटावरून खाली, हाताशी येईल अशा जागी ठेवावी. ध्वनिमुद्रण शक्यतो करू नये. यंत्र समोर आले की माणसे नीट गाऊ लागतात आणि ज्यांना नीट येत नाही ती गप्प होतात.

वाचनासाठी नाटक निवडताना जुन्या नाटकांपासून सुरुवात करायला हरकत नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९९ चे ‘शारदा’ अनेक ग्रंथालयांत मिळते. विषय जरठ-बाला विवाहाचा, म्हणून मुलांना थोडे समजावून सांगावे लागेल. पण म्हाताऱ्या नवरदेवाची, म्हणजे भुजंगनाथाची भूमिका नातवाने वाचायला घेतली आणि तरुण कोदंड आजोबांकडे गेला, तर पहिल्या अंकापुढे वाचन सरकायला बराच वेळ लागेल, हे गृहीत धरावे.