दीर्घायुष्य गोळीत मावते का?

सफरचंदाची एक फोड कापून तशीच ठेवली, तर थोड्याच वेळात ती तपकिरी पडते. दुसऱ्या फोडीला लिंबाचा रस चोळला, तर ती बराच वेळ पांढरी राहते. हवेतील ऑक्सिजनमुळे होणारी क्रिया लिंबातील आम्ल आणि ‘क’ जीवनसत्त्व रोखून धरतात. वर्गात सहज करून दाखवता येण्याजोगा हा प्रयोग आहे.

या प्रयोगावरून पुढची उडी मारण्याचा मोह होतो. आपले शरीरही ऑक्सिजनवरच चालते. मग तेही असेच हळूहळू खराब होत असेल, आणि जीवनसत्त्वाच्या गोळीने म्हातारपण लांबवता येत असेल! औषधांच्या दुकानातील कितीतरी रंगीत डब्या याच तर्कावर विकल्या जातात. त्यांवर निवृत्तिवेतनातील पैसे खर्च करणारी वडीलधारी माणसे आपल्या परिचयात असतात. विज्ञानाचे शिक्षक म्हणून आपल्यालाही कुणी ना कुणी विचारतेच, ‘या गोळ्या घ्याव्यात का?’ तेव्हा हा तर्क कुठवर टिकतो, ते पाहू या.

तर्क कुठून आला?

१९५६ साली डेनम हारमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने वार्धक्याविषयी एक कल्पना मांडली. पेशींत ऊर्जा तयार होताना काही अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, त्यामुळे ते शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉन ओढून घेतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांच्या माऱ्याने प्रथिने, मेदद्रव्ये आणि डीएनए यांचे नुकसान होते. हे नुकसान वर्षानुवर्षे साचत जाणे म्हणजेच म्हातारपण, असे हारमन यांचे म्हणणे होते.

‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे, तसेच गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन ही द्रव्ये मुक्त मूलकांना निष्प्रभ करू शकतात. म्हणून त्यांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. त्यातच, भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी असते, असे अनेक पाहण्यांत दिसत होते. दोन्ही गोष्टी एकमेकींशी छान जुळल्या.

पण येथे एक मेख आहे. भाज्या-फळे भरपूर खाणारा माणूस बहुधा धूम्रपान कमी करतो, अधिक चालतो आणि त्याची आर्थिक स्थितीही बरी असते. मग त्याच्या प्रकृतीचे श्रेय नेमके कशाला द्यायचे? हे ठरवायचे, तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे गट पाडावे लागतात. एका गटाला खरी गोळी द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि काही वर्षे वाट पाहायची.

फिनलंडमधील धक्का

असा मोठा प्रयोग फिनलंडमध्ये १९८५ साली सुरू झाला. त्यात ५० ते ६९ वर्षे वयाचे २९,१३३ पुरुष होते आणि ते सर्व धूम्रपान करणारे होते. साधारण निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळत होते. पाच ते आठ वर्षांनी मोजदाद झाली. बीटा-कॅरोटीन न घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४०२ रुग्ण आढळले, तर घेणाऱ्यांत ४७४! म्हणजे रोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी अधिक होते. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले.

तो योगायोग असेल, असे म्हणायलाही फार काळ वाव राहिला नाही. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार अशा १८,३१४ लोकांवर बीटा-कॅरोटीन व ‘अ’ जीवनसत्त्वाचा प्रयोग चालू होता. त्यातही फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. त्यामुळे जानेवारी १९९६ मध्ये या गोळ्या मुदतीच्या २१ महिने आधीच बंद कराव्या लागल्या. पुढे ३५,५३३ पुरुषांवरील एका प्रयोगात ‘ई’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली आढळले. २०१२ साली अशा ७८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. जवळजवळ तीन लाख लोकांच्या या माहितीत प्रतिऑक्सिडीकारक गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. उलट, बीटा-कॅरोटीन आणि ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण किंचित वाढल्याचेच दिसले.

शरीर म्हणजे कापलेली फोड नव्हे

असे का व्हावे? कापलेल्या फोडीची स्वतःची व्यवस्था कोलमडलेली असते. जिवंत शरीराकडे मुक्त मूलकांना आवरणारी स्वतःची विकरे असतात. शिवाय मुक्त मूलके केवळ शत्रू नाहीत. रक्तातील काही पांढऱ्या पेशी त्यांच्याच साहाय्याने जंतूंना मारतात. पेशींना सावध करणारा निरोप म्हणूनही त्यांचा उपयोग होतो. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००९ साली सुमारे ४० तरुणांवरील चार आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांनी व्यायाम केला. निम्म्यांनी त्याबरोबर ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही घेतल्या. व्यायामामुळे इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. ही सुधारणा गोळ्या न घेणाऱ्यांत दिसली, घेणाऱ्यांत दिसली नाही. निरोप वाटेतच पुसला गेला होता!

उणीव असेल तर?

याचा अर्थ सर्व पूरक गोळ्या निरुपयोगी, असा मात्र कुणी घेऊ नये. उणीव भरून काढणे वेगळे आणि पुरेसे असताना आणखी भर घालणे वेगळे. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो, तो अंधत्व टाळण्यासाठी. गरोदरपणातील लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या, शाकाहारी माणसात उणीव आढळल्यास दिले जाणारे ‘ब-१२’, यांची गरज खरी आहे. घागर रिकामी असेल तर पाणी ओतावे. भरलेल्या घागरीत ओतत राहिलो, तर ती मोठी होत नाही.

वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना एखाद्या शक्तिवर्धकाची जाहिरात आणायला सांगावी आणि चार प्रश्न विचारावेत. हे कुणाला देऊन पाहिले? तुलना कुणाशी केली? गट कसे पाडले? आणि मोजले काय, माणसांचे आयुष्य की केवळ रक्तातील एखादा आकडा? बहुतेक जाहिराती पहिल्या प्रश्नालाच अडखळतात. ते मुलांनी स्वतः शोधून काढले, तर घरी आजोबांशी बोलायला त्यांना आपली गरज उरणार नाही.