जुना लॅपटॉप घेतांना कळफलकाची परीक्षा

लॅपटॉप विकत घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानदाराला जे प्रश्न विचारतो ते बहुधा ठरलेले असतात. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, पडदा किती इंचांचा, आणि शेवटीं किंमत काय. ज्या एका भागाशीं त्याच्या दहाही बोटांचा रोज संबंध यावयाचा, त्या कळफलकाविषयीं, म्हणजे ज्याला आपण सर्वजण कीबोर्ड म्हणतों त्याविषयीं, तो चकार शब्द काढीत नाहीं. घोडा घेतांना त्याचा रंग पाहावा, उंची मापावी आणि पाठीवर मात्र बसून पाहूं नये, तशांतलाच हा प्रकार होय. ज्याला यंत्रावर केवळ चित्रपट पाहावयाचे आहेत त्याचें यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्याला लिहावयाचें आहे, मग तो प्रबंध लिहिणारा विद्यार्थी असो, भाषांतरें करणारी गृहिणी असो किंवा निवृत्तीनंतर वडिलांच्या आठवणी उतरवून ठेवावयास बसलेला गृहस्थ असो, त्याचें लेखन पुरें होणार कीं अर्ध्यावर सुटणार हें पुष्कळदां या कळांवर अवलंबून असतें. अशा माणसानें बेताच्या किंमतीचा नवा लॅपटॉप घेण्यापेक्षां चांगल्या जातीचा जुना घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

हें मत कोणास चमत्कारिक वाटेल, म्हणून प्रथम कळेच्या पोटांत काय असतें तें पाहूं. कळेची टोपी काढली तर खालीं प्लास्टिकच्या दोन चौकटी कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकमेकींत अडकविलेल्या दिसतात आणि त्यांच्या मधोमध रबराची एक लहानशी घुमटी असते. घुमटीखालीं तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या व खालच्या पापुद्र्यांवर विजेचे मार्ग छापलेले असून मधल्याला भोंकें असतात. बोटानें कळ दाबली कीं घुमटी खचते, वरचा पापुद्रा भोंकांतून खालच्याला टेकतो आणि पडद्यावर अक्षर उमटतें. कात्रीचें काम एवढेंच कीं कळ कोणत्याही कोपऱ्यावर दाबली तरी ती तिरकी न होतां सरळ खालीं जावी. घुमटीचें काम अधिक नाजूक आहे. ती खचते त्या क्षणीं बोटाला एक हलका धक्का जाणवतो. जणूं अक्षर पोंचल्याची पावतीच मिळते. ही पावती स्पष्ट असली तर बोट सैल पडून वर येतें. ती अस्पष्ट असली तर बोट खात्री करून घेण्यासाठीं तळावर आपटतें, आणि हजारों वेळां असें आपटल्यावर सांधे दुखूं लागतात. मराठींत यंत्राच्या बटणालाही कळ म्हणतात आणि वेदनेलाही कळच म्हणतात. वाईट कळफलकावर या दोन अर्थांची गांठ पडते!

आपल्यापैकीं ज्यांनीं टायपिंगच्या क्लासांत रेमिंग्टनच्या किंवा गोदरेजच्या यंत्रावर हात बसविला आहे त्यांना हें विशेष जाणवेल. (गोदरेजचीं टंकलेखन यंत्रें १९५५ सालीं निघूं लागलीं, आणि पुढें कित्येक पिढ्यांच्या कारकुनांचे हात त्यांवर तयार झाले.) त्या यंत्रांवर कळ खोल दाबावी लागे, आणि ती संवय बोटांतून सहसा जात नाहीं. इकडे लॅपटॉप वर्षानुवर्षें पातळ होत गेले, आणि पातळपणासाठीं जी जागा काढावयाची त्यांतली कांहीं कळेच्या खोलीतून काढली गेली. जुन्या चांगल्या यंत्रांत कळ दोन मिलिमीटरांच्या आसपास खालीं जाई. नव्या बऱ्याच यंत्रांत ती दीड मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाते. अ‍ॅपल कंपनीनें तर २०१५ सालीं आपल्या बारा इंची मॅकबुकमध्यें 'बटरफ्लाय' नांवाची रचना आणली, तींत कळ जेमतेम अर्धा मिलिमीटर हाले. धुळीचा कण आंत गेला कीं एक अक्षर दोनदां उमटावें किंवा मुळींच उमटूं नये, असें होऊं लागलें. २०१८ सालीं कंपनीला विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०२० पर्यंत ती रचना सोडून तिनें पुन्हां कात्री हातीं घेतली. जुन्या बाजारांत २०१६ ते २०१९ या काळांतील मॅकबुक स्वस्त व देखणे दिसतात. ते घेण्यापूर्वीं हा इतिहास लक्षांत असूं द्यावा. त्यामानानें २०१५ सालचा मॅकबुक प्रो लिहिणाऱ्याला अधिक मानवतो.

परंतु लिहिणारे लोक ज्याचें नांव प्रथम घेतात तो थिंकपॅड. आय. बी. एम. कंपनीनें तो १९९२ सालीं बाजारांत आणला. रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकारानें जपानी लोकांच्या काळ्या जेवणाच्या डब्यावरून त्याचें रूप घेतलें. २००५ सालीं हा सर्व धंदा चीनच्या लेनोव्हो कंपनीकडे गेला, तरी कळफलकाची परंपरा एकदम तुटली नाहीं. २०११ सालच्या टी ४२० आणि एक्स २२० या नमुन्यांत कळांच्या सात ओळी आहेत, प्रत्येक कळेचा माथा बोटाच्या टोंकाला बसेल असा किंचित् खोलगट आहे, आणि पडद्याच्या वरच्या कडेला कळफलकावर उजेड पाडणारा एक चिमुकला दिवाही आहे. पुढल्याच वर्षीं, २०१२ सालीं, टी ४३० व एक्स २३० मध्यें ओळी सहा झाल्या आणि कळा एकमेकींपासून सुट्या झाल्या. जुन्या भक्तांनीं पुष्कळ आरडाओरड केली. २०१७ सालीं पंचविसाव्या वर्षानिमित्त सात ओळींचा एक खास नमुना निघाला, पण तो मर्यादित होता.

या सात ओळींचें जें स्तोम माजलें आहे त्यांत मी सामील नाहीं. टी ४२० वर लिहिण्यांत सुख आहे यांत शंका नाहीं, पण तें यंत्र आतां फार जुनें झालें. विंडोज ११ त्याला अधिकृतपणें चालत नाहीं, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्याला लिनक्स घालतां येतें किंवा घालून देणारा भाचा-पुतण्या घरांत आहे त्यानें तें अवश्य घ्यावें. इतरांनीं २०१८ सालच्या टी ४८० कडे पाहावें. त्याची कळ सुमारें १.८ मिलिमीटर खालीं जाते, मेमरीसाठीं दोन खांचा आहेत, आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ त्यावर रीतसर चालतें. येथें एक सावधगिरी सांगतों. त्याचा आदल्या वर्षीचा भाऊ टी ४७० दिसण्यांत जवळजवळ तसाच आहे, पण त्यांतला प्रोसेसर सहाव्या किंवा सातव्या पिढीचा असल्यानें तो या नियमांत बसत नाहीं. 'दोन्हीं एकच हो,' असें विक्रेता म्हणेल. आपण पाठीवरची पट्टी वाचावी. डेल कंपनीचे लॅटिट्यूड आणि एच. पी. चे एलिटबुक हेही कचेऱ्यांसाठीं बनविलेले नमुने असून त्यांत चांगले कळफलक सांपडतात. मात्र तेथें प्रत्येक नमुन्यावर स्वतः हात ठेवून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

हीं यंत्रें बाजारांत येतात कोठून? मोठ्या कंपन्या तीं तीन-चार वर्षांच्या करारानें भाड्यानें घेतात आणि मुदत संपली कीं गठ्ठ्यानें काढून टाकतात. त्यांतलीं कांहीं इथलीं असतात, कांहीं परदेशांतून येतात, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचें नेहरू प्लेस अशा ठिकाणीं पुसून-पासून मांडलीं जातात.

आतां मराठी लिहिणाराच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुकानांतला मुलगा कळफलक तपासून देतो तो इंग्रजी ए पासून झेडपर्यंत. तेवढ्यानें मराठीची परीक्षा होत नाहीं. सरकारमान्य इनस्क्रिप्ट पद्धतींत आपलीं कित्येक नित्याचीं अक्षरें इंग्रजी विरामचिन्हांच्या कळांवर आहेत. च आहे अर्धविरामाच्या कळेवर, ट त्याच्या शेजारीं अवतरणचिन्हाच्या कळेवर, ड चौकटी कंसाच्या कळेवर, य तिरप्या रेघेच्या कळेवर आणि 'डॉक्टर' शब्दांतला अर्धचंद्री काना उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर. इंग्रजी लिहिणाराची करंगळी तेथें क्वचित् जाते. मराठी लिहिणाराला 'य' आणि 'च' यांवांचून एक ओळ पुरी करतां येत नाहीं. म्हणून दुकानांत बसल्यावर प्रथम 'डॉक्टर, चटकन् या' एवढें वाक्य लिहून पाहावें. त्यांत या पांचही कळा येतात.

दुसरी गोष्ट शिफ्टची. इनस्क्रिप्टमध्यें क च्या कळेवर शिफ्ट धरली कीं ख, ग वर घ, त वर थ, प वर फ, याप्रमाणें सारे महाप्राण शिफ्टनें निघतात. हीं व्यंजनें उजव्या हाताकडे असल्यामुळें शिफ्ट धरावयाची ती डाव्या करंगळीनें. इंग्रजींत शिफ्ट वाक्यारंभीं लागते. मराठींत ती शब्दाशब्दाला लागते. आतां गंमत अशी कीं इंग्लंड-युरोपांतून आलेल्या यंत्रांत डावी शिफ्ट आंखूड करून तिच्या शेजारीं एक जादा कळ घातलेली असते, एंटरचा आकार उभा असतो आणि त्यापायीं अर्धचंद्राची कळही जागा बदलते. जपानहून आलेल्या यंत्रांत मधली लांब पट्टी, स्पेसबार, आंखूड असते. अशा यंत्रावर बोट रोज चुकेल. विक्रेत्यानें कळांवर इंग्रजी अक्षरांचे कागद चिकटविले असतील, तरी डावी शिफ्ट रुंद आहे कीं नाहीं एवढें पाहिलें कीं युरोपीय कळफलक लपत नाहीं.

बाकी परीक्षा हातानें करावयाची. प्रत्येक कळ मधोमध न दाबतां कोपऱ्यावर दाबावी. ती तिरकी झाली किंवा कुरकुरली तर कात्री मोडली आहे. स्पेसबार दोन्ही टोंकांशीं दाबून पाहावा. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बोटाला खूण पटावी म्हणून बारीक उंचवटे असतात (आपल्याकडे तेथें र्‍हस्व वेलांटी आणि र येतात). ते झिजून सपाट झाले असतील तर यंत्रानें पुष्कळ सेवा केली आहे असें समजावें. कळफलकाच्या मध्यभागीं बोटानें जोर द्यावा. पत्रा गादीसारखा दबत असेल तर लिहितांना धक्क्याची पावती अस्पष्ट होते. एखादी कळ वर यावयास रेंगाळत असेल तर त्या ठिकाणीं चहा सांडून गेलेला असतो. थिंकपॅडच्या प, व आणि उकार या कळांच्या मध्यें जी लाल गुंडी असते तिनें पडद्यावरचा बाण हात न उचलतां हलवितां येतो. ती सोडून दिल्यावर बाण आपोआप सरकत राहिला तर मात्र विचार करावा. आणि हें सर्व झाल्यावर दहा मिनिटें एखादा मजकूर सलग लिहावा. तेवढा वेळ बसूं न देणाऱ्या दुकानांत पैसे खर्च करूं नयेत.

कळफलक कितीही चांगला असला तरी कुलूपबंद यंत्र निरुपयोगी असतें. माझ्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनीं आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवण्यासाठीं एका विक्रेत्याकडून असेंच एक यंत्र घेतलें. आई नव्वदीच्या घरांत, आठवण दिवसेंदिवस पुसट होत चाललेली. घरीं विंडोज पुन्हां घालून तें इंटरनेटला जोडतांच पडद्यावर एका अनोळखी कंपनीचें नांव आलें आणि तेथल्या नोकराचा पासवर्ड मागूं लागलें. पूर्वीच्या मालकानें आपल्या यादींतून तें यंत्र वगळलेंच नव्हतें. परत घेण्याच्या घोळांत दोन महिने गेले. पैसे अखेर मिळाले, पण त्या दोन महिन्यांत म्हातारीच्या किती ओव्या विस्मरणांत गेल्या त्याचा हिशेब कोण देणार? म्हणून नवें विंडोज घातलेलें यंत्र दुकानांतच इंटरनेटला जोडून सुरू करून घ्यावें. शिवाय थिंकपॅड सुरू होतांना एफ १ ची कळ दाबून त्याची मूळ व्यवस्था उघडावी. तेथें सुपरवायझर पासवर्ड मागितला तर तें यंत्र खालीं ठेवावें. तो पासवर्ड विसरला असतां मदरबोर्ड बदलणें हाच कंपनीचा उपाय आहे.

बॅटरीविषयीं फार बोलत नाहीं. जुनी बॅटरी दमलेली असणारच, ती बदलतां येते. टी ४८० मध्यें दोन असतात, एक आंत आणि एक बाहेरून काढतां येणारी. मात्र यंत्र टेबलावर सपाट बसत नसेल किंवा कळफलक मध्यें फुगलेला दिसत असेल तर बॅटरी सुजली आहे असें समजावें आणि तें यंत्र घरांत आणूं नये.

राहतां राहिली दुरुस्ती. टी ४२० आणि टी ४८० यांचा कळफलक खालचे स्क्रू सोडवून स्वतंत्र काढतां येतो. नव्या पुष्कळ यंत्रांत तो वरच्या पत्र्याला कायमचा जखडलेला असतो आणि एका कळेसाठीं सारा पत्रा बदलावा लागतो. म्हणून किंमत ठरवितांना बदली कळफलकाचे पैसे मनांत बाजूला काढून ठेवावे. बदली घेतांना मूळ कंपनीचा सुटा भाग मागावा आणि जुन्याशेजारीं ठेवून दोन्हींवर बोट फिरवून पाहावें. हुबेहूब दिसणारे नकली कळफलक बाजारांत पुष्कळ आहेत. त्यांचें रूप सारखें असतें, पण घुमटी मऊ असते, आणि अक्षर पोंचलें कीं नाहीं हें बोटाला पडद्याकडे पाहूनच ठरवावें लागतें.