छर्रा, वंगण आणि सर्द हवा (लेखांक ७)

बंदुकीच्या नळीत दारूची काजळी साठते. एअरगनमध्ये दारूच नसल्याने तिच्या नळीत साठते ते छर्ऱ्यांचे घासलेले शिसे, काही छर्ऱ्यांना कारखान्यात दिलेल्या ग्रॅफाइटची काळी भुकटी आणि, घाटमाथ्याला लागून असलेल्या भोर व वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, हवेतील ओल. या तिघांत ओल सर्वांत घातक, कारण शिसे पुसून काढता येते, पण गंजाने खाल्लेले पोलाद परत येत नाही.

या मुलखाला हा प्रश्न नवा नाही. राजगड, तोरणा व रोहिडा हे किल्ले याच दोन तालुक्यांत आहेत. आणि रामचंद्रपंत अमात्य, म्हणजे भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांचे समकालीन, यांच्या ‘आज्ञापत्र’ या राज्यनीतीवरील ग्रंथात गडांच्या प्रकरणी असे सांगितले आहे की, पावसाळ्यात तोफांना तेल व मेण द्यावे, त्यांचे कान, म्हणजे बत्ती देण्याची भोके, मेणाने बुजवावेत आणि दारू, बाण आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे. तेल पसरते पण ओघळून जाते, मेण पसरत नाही पण टिकते. दोन्ही एकत्र सांगण्यामागे हा अनुभव असावा.

छर्रा डमरूच्या आकाराचा असतो: पुढे भरीव डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ घेर. हवेच्या दाबाने हा घेर फुलून नळीला घट्ट बसतो आणि नळीच्या आतील पिळदार आट्यांमुळे छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. छर्ऱ्याला वंगण दिले की वेग वाढतो अशी समजूत आहे, परंतु साध्या एअरगनच्या मर्यादित वेगात तो लाभ नगण्य असून वंगणाचे खरे काम दोनच: शिसे आट्यांत कमी चिकटू देणे आणि छर्ऱ्यावर पांढुरकी पूड धरू न देणे. दमट हवेत शिशावर धरणारी ही पूड शिशाचेच क्षार असते व ती विषारी असते. म्हणून असे छर्रे टाकून द्यावेत, छर्रा कधीही ओठांत धरू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. वंगण देताना फडक्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकून त्यावर छर्रे हलकेच लोळवणे पुरते. घेराच्या पोकळीत तेल साचले तर प्रत्येक छर्ऱ्याचा वेग निराळा होतो. खोबरेल मात्र वर्ज्य, कारण ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते आणि वेल्ह्याच्या हिवाळ्यात नळीत त्याचा चिकट थर बसतो.

तेल जास्त झाल्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, एअरगनमध्ये दट्ट्या क्षणार्धात हवा दाबतो, दबलेली हवा तापते आणि डिझेल इंजिनात इंधन पेटते तसे तिच्यातील खनिज तेल पेटते. मोठा आवाज, धूर आणि जळका वास ही त्याची लक्षणे होत. नेमबाज त्याने खूश होतो, पण दट्ट्याचे वॉशर व कमान खराब होतात. आधीच भरून ठेवलेल्या उच्च दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत तर टाकी आणि भरण्याच्या वाटेजवळ खनिज तेल नेणेच धोक्याचे असते.

नळी साफ करताना छर्रा भरतो त्या बाजूने नायलॉनचा दोरा ओवून त्याला सुती चिंधी बांधावी आणि ती तोंडाकडे ओढून काढावी. लोखंडी सळई घालू नये, कारण नळीच्या तोंडाच्या कडेवर ओरखडा पडला की छर्रा बाहेर पडतानाच कलतो. तीव्र द्रावके रबरी वॉशर फुगवतात. नेम बिघडत नाही तोवर वारंवार सफाईची गरज नसते. पावसाळ्यातील सफाई ही मुख्यतः ओल पुसण्यासाठी असते. या काळात रेक्झिनच्या किंवा स्पंजच्या बंद पिशवीत एअरगन ठेवणे म्हणजे ती ओल्या फडक्यात गुंडाळणे होय. पिशवीबाहेर, भिंतीपासून थोडी दूर, नळीत तेलाचा अगदी पातळ हात देऊन, न भरलेली आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवावी. वापरण्यापूर्वी कोरडी चिंधी ओढून ते तेल काढावे लागते आणि नळीत शिशाचा समान थर पुन्हा बसेपर्यंत पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात. १० मीटर एअर रायफल स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असल्याने ते छर्रे सरावातच खर्च केलेले बरे.