एका बोटाने दोन वह्या

सत्र संपण्याआधी हाऊसमधल्या कोणाकडे ग्रंथालयाची पुस्तके राहिली आहेत, याची यादी काढायचे काम माझ्याकडे होते. त्यासाठी मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. यादीत एकच नाव आले, सातवीतल्या एका कॅडेटचे. संध्याकाळच्या रोल कॉलला मी ते सगळ्यांसमोर वाचले आणि त्याला चार शब्द सुनावलेही. तो खाली मान घालून "येस सर" म्हणाला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल मॅडमनी रजिस्टर उघडून दाखवले. आमच्या हाऊसच्या १५ जणांकडे मिळून १७ पुस्तके बाकी होती, आणि त्या १५ जणांत मीही होतो.

प्रोग्रामने एकही एरर दिली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो.

गडबड होती कर्सरमध्ये. हा पडद्यावर लुकलुकणारा कर्सर नव्हे. डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तराच्या ओळी एकेक करून आपल्या हाती देतो, तो हा कर्सर. रजिस्टर वाचताना आपण ओळीवर बोट ठेवतो ना, तसेच. पुढची ओळ मागितली की बोट खाली सरकते, वर कधीच येत नाही. एसक्यूलाइटमध्ये फेचऑल लागोपाठ दोनदा लिहिले तर दुसऱ्या वेळी रिकामी यादी मिळते, ती यामुळेच.

मी बाहेरच्या फॉर लूपमध्ये कर्सरकडून कॅडेटांची नावे घेत होतो. लूपच्या आत, प्रत्येकाकडची पुस्तके शोधायला, त्याच कर्सरवर पुन्हा एक्झिक्यूट चालवत होतो. म्हणजे हजेरीच्या वहीवर ठेवलेले बोट उचलून पुस्तकांच्या वहीवर नेले. पहिल्या कॅडेटची पुस्तके वाचून संपली, लूपने पुढची ओळ मागितली, पण बोट आता दुसऱ्याच वहीच्या तळाशी! लूपला वाटले, ओळी संपल्या. हाऊसच्या यादीत पहिला क्रमांक त्या सातवीतल्या मुलाचा होता. त्याचा दोष असलाच तर एवढाच, की त्याच्याकडेही एक पुस्तक होते.

हे सापडायला एक तास गेला, कारण आधी मी डेटावरच संशय घेतला. शेवटी दोन आकडे छापून पाहिले. टेबलमध्ये कॅडेट ६४, लूप फिरला १ वेळा. आतली एक्झिक्यूटची ओळ तात्पुरती बंद केली, तर लूप ६४ वेळा फिरला. चोर पकडला गेला.

उपाय सोपे आहेत. आतल्या प्रश्नासाठी वेगळा कर्सर घ्यावा, किंवा बाहेरच्या सगळ्या ओळी आधीच फेचऑलने यादीत भरून घ्याव्यात. मला सर्वांत पटला तो जॉइन. दोन्ही टेबले जोडून एकच प्रश्न विचारायचा, आतला लूपच नको. ६४ कॅडेटांसाठी ६४ वेळा डेटाबेसचे दार ठोठवायचे कशाला?

नवी यादी मी त्याच संध्याकाळी वाचली, स्वतःच्या नावापासून. त्या मुलाची माफीही सर्वांसमोरच मागितली.

बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण मायएसक्यूएल जोडतो, तिथे हीच चूक वेगळ्या रूपात भेटते. मायएसक्यूएल कनेक्टर सहसा सगळ्या ओळी आधी आणून ठेवत नाही. त्या अर्ध्या वाचून पुढचा प्रश्न विचारलात, तर 'अनरीड रिझल्ट फाउंड' अशी एरर येते. तिथे कर्सर दोन केले तरी कनेक्शन एकच असल्याने ती जात नाही. मग कोणीतरी सांगते, कर्सर बनवताना 'बफर्ड ट्रू' लिही. दोन कर्सर असतील तर हा सल्ला योग्य आहे. पण कर्सर एकच ठेवून तसे केलेत, तर एरर जाते आणि लूप गुपचूप पहिल्याच नावावर थांबतो, माझा थांबला होता तसा.