परस्पर साहाय्याचे वर्तुळ

सावड आणि इर्जिक हे दोन शब्द मराठी मुलुखातील शेतकऱ्याला परके नाहीत. दोन्हींचा अर्थ परस्पर साहाय्य असाच आहे. परंतु दोहोंत एक फरक आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. सावडीत हिशेब असतो. तुमचे बैल माझ्या शेतात दोन दिवस राबले, तर माझे बैल तुमच्या शेतात तितकेच दिवस राबावयाचे. इर्जिकीत असा हिशेब नसतो. ज्याची नांगरणी अगर निंदणी मागे पडली तो गावाला बोलावतो, लोक आपापली औते घेऊन येतात, दिवसभर खपतात आणि त्याच्याकडे जेवून घरी जातात. आज आलेल्या माणसाच्या उपयोगी उद्या तोच शेतकरी पडेल असे नाही. गावातला दुसरा कोणी पडतो. मात्र इर्जिकीला एक अट असते. ज्याला गरज आहे, त्याने आधी बोलवावे लागते.

शिक्षक, कृषी सहायक, आरोग्यसेविका, कार्यालयीन कर्मचारी यांच्या व्यावसायिक जीवनात नेमकी हीच अट पाळली जात नाही. मासिक सभेत प्रत्येक जण काम ठीक चालल्याचे सांगतो. एकशिक्षकी शाळेतील गुरुजी चार इयत्तांना एकाच वेळी कसे शिकवावे या विवंचनेत असतात, शेजारच्या गावातील शिक्षकाने ती अडचण केव्हाच सोडवलेली असते, आणि दोघेही एकाच बाकावर बसून चहा घेऊन परततात. येथे उदारपणाचा अभाव नाही. अडचण सांगितली तर आपण अकार्यक्षम ठरू, ही भीती तेवढी आड येते. तिची किंमत मात्र वर्गातील मुलांना मोजावी लागते.

ही भीती बव्हंशी निराधार असते. फ्रान्सिस फ्लिन व व्हेनेसा लेक या अमेरिकन संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून घेण्यास सांगितले होते. किती लोकांना विचारावे लागेल, याचा अंदाज त्यांनी आधीच वर्तवला होता. प्रत्यक्षात जवळपास निम्म्याच लोकांना विचारून काम भागले. विचारणाऱ्याला वाटते त्याहून लोक पुष्कळच अधिक तत्पर असतात.

मागण्याचा हा संकोच घालवण्यासाठी मिशिगन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ वेन बेकर आणि शेरिल बेकर यांनी एक सामूहिक उपक्रम तयार केला. त्याला आपण परस्पर साहाय्याचे वर्तुळ म्हणू. वीसबावीस जण एकत्र बसतात. फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर एक वर्तुळ काढतात. प्रत्येकाने आपली एक गरज चिठ्ठीवर लिहून मोठ्याने वाचावयाची आणि वर्तुळाच्या कडेला लावावयाची. त्यानंतर ज्याला साहाय्य करता येईल त्याने आपले नाव त्या चिठ्ठीखाली लावून दोहोंमध्ये रेघ ओढावयाची. सर्वांनाच मागावे लागत असल्याने कोणालाही कमीपणा येत नाही. थोड्याच वेळात फळा रेघांनी भरून जातो आणि त्यांतील बहुतेक रेघा उलट फिरत नाहीत, पुढे जातात. अ ला ब ची मदत होते, ब ला क ची. हिशेब सावडीचा नाही, इर्जिकीचा आहे.

आदिलाबाद जिल्ह्यात असे वर्तुळ भरवले तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. समजा, बेला मंडलातील मराठी माध्यमाच्या शाळेतील शिक्षकाला विज्ञानाचे पूरक मराठी साहित्य हवे आहे. बैठकीतील कोणाकडेही ते नाही. परंतु एकाचा मेहुणा पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात शिक्षक आहे. नारनूरच्या शिक्षिकेला वर्गातील गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी काही शब्द समजावून घ्यावयाचे आहेत. उटनूरचा सहकारी स्वतः गोंड आहे. ‘माझ्याकडे नाही, पण मी एकाला ओळखतो’ हे उत्तरही साहाय्यच होय, आणि सीमेवरच्या या बहुभाषिक जिल्ह्यात ते वारंवार मिळण्याजोगे आहे. तेलंगणातील स्कूल कॉम्प्लेक्सच्या बैठका आणि महाराष्ट्रातील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा यांत असा एक तास सहज बसू शकेल.

या भूमीला ही वाट अगदीच नवी नाही. १९४३ साली मारलवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तेव्हा थोडेफार मराठी वाचता येणाऱ्या मोजक्या गोंड तरुणांपासूनच आरंभ करावा लागला. गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत निघाली ती याच कामासाठी. (मारलवाई हे गाव २०१६ च्या पुनर्रचनेनंतर कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.) पुढे २००० साली तत्कालीन आंध्र प्रदेशात ‘वेलुगू’ हा दारिद्र्यनिर्मूलन प्रकल्प ज्या सहा जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत आदिलाबाद होता. या कार्यातून अशी पद्धत रुळली की, जुन्या बचत गटांतील अनुभवी महिलांनी परगावी जाऊन मुक्काम करावा आणि तेथील महिलांना गट बांधण्यास शिकवावे. त्यांना मानधन मिळे, हे खरे. परंतु ज्यांनी त्यांना शिकवले त्यांना नव्हे, तर तिसऱ्याच गावाला त्यांनी ते ज्ञान दिले. पुढे अन्य राज्यांनीही ही पद्धत उचलली.

अधिकारी वर्गाने मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पहिली चिठ्ठी अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याची असावी, आणि तीही खऱ्या अडचणीची. कोणी काय मागितले याची नोंद गोपनीय अहवालात जाता कामा नये. तसे एकदा घडले की पुढच्या बैठकीत सर्वांच्या चिठ्ठ्या खडूच्या पेट्या मागू लागतील. साहाय्य करणाऱ्यांस गुण व प्रमाणपत्रे देण्याचा मोहही आवरावा. वेन बेकर आणि नॅथॅनिएल बल्कली यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नावलौकिकासाठी केलेली मदत आणि मिळालेल्या मदतीमुळे पुढे केलेली मदत या दोहोंचा प्रभाव तपासला. दुसरा अधिक प्रबळ व अधिक टिकाऊ आढळला. याखेरीज, एकाच होतकरू शिक्षकाच्या गळ्यात सर्वांची कामे पडू देऊ नयेत. अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, कामगिरीच्या यादीत सर्वांत वर इतरांना देणारी माणसे असतात, तशी सर्वांत तळालाही तीच असतात. तळाची माणसे स्वतःचे काम बाजूला ठेवून देत राहिलेली असतात. म्हणून प्रत्येकाने दोन-तीनच चिठ्ठ्यांखाली नाव लावावे, आणि शक्यतो थोडक्या वेळात होणारे काम पत्करावे.

गरज लिहितानाही ती नेमकी असावी. ‘शाळेला मदत हवी’ या चिठ्ठीखाली कोणी नाव लावणार नाही. ‘तिसरीतील सहा मुलांना वजाबाकीतील हातचा समजत नाही, कोणी शिकवून दाखवील काय?’ या चिठ्ठीखाली तिघे लावतील. वर्तुळाचा कागद फाडून न टाकता पुढील महिन्याच्या बैठकीत पुन्हा भिंतीवर लावावा आणि कोणती रेघ प्रत्यक्षात उतरली, कोणती राहिली, एवढेच विचारावे. राहिलेली चिठ्ठी नव्या वर्तुळात पहिली वाचली जावी.